अ‍ॅम्प्यूलवर तारीख असते, कागदावर नसते

मागच्या दाराजवळ उभ्या असलेल्या एकशेआठ रुग्णवाहिकांच्या पायलटांनो! पुढच्या दोन रांगा रिकाम्या आहेत, या की पुढे. आजचे बोलणे तुमच्या गाडीबद्दल आहे आणि तुम्हीच दाराशी उभे, हे बरे दिसत नाही.

ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या उमेदीच्या काळात या जिल्ह्यातला अत्यवस्थ रुग्ण बैलगाडीतून यायचा, नाहीतर एसटीच्या मागच्या बाकावर आडवा होऊन. वाटेत उपचार हा प्रकारच नव्हता. उपचार दवाखान्याच्या पायरीवर सुरू व्हायचा, तोवर नशीब. आज तसे नाही. २०१४ साली महाराष्ट्रात एकशेआठची सेवा सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या रस्त्यावर आल्या. त्यांतल्या २३३ प्रगत जीवनरक्षणाच्या, ७०४ प्राथमिक. फोन पुण्यात औंधला लागतो आणि गाडी तुमच्या तालुक्यातून निघते. शिवाय महाराष्ट्राने एक वेगळा निर्णय घेतला, गाडीत डॉक्टर बसवायचा. या डॉक्टरांत आयुर्वेदाचे पदवीधर मोठ्या संख्येने आहेत. त्यावरून नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. मी त्यांतली नाही, आणि का नाही ते पुढे कळेल.

आपण सगळे एकच प्रश्न विचारतो. गाडी किती मिनिटांत आली? वर्तमानपत्रात पत्रे त्यावर, विधानसभेत प्रश्न त्यावर. प्रश्न रास्तच आहे. पण उमरखेडच्या टोकाहून किंवा झरी-जामणीहून यवतमाळचे मेडिकल कॉलेज गाठायचे तर अंतर शंभर किलोमीटरच्या घरात जाते. म्हणजे रुग्ण त्या गाडीत दीड-दोन तास असतो. त्या दोन तासांत गाडीतला माणूस काय करतो, आणि ते कशाच्या आधाराने करतो? त्याच्या हातात एक पुस्तिका असते, किंवा भिंतीला चिकटवलेला तक्ता, किंवा प्रशिक्षणात शिकलेले डोक्यात असते. अमुक लक्षण दिसले तर तमुक द्या, इतके द्या, इतक्या वेळाने पुन्हा द्या. याला आपण उपचार-मार्गदर्शिका म्हणू. माझा आजचा प्रश्न एवढाच आहे. तो कागद किती जुना आहे?

गाडीतल्या पेटीत औषधाची अ‍ॅम्प्यूल असते. तिच्यावर तारीख छापलेली असते. मुदत संपली की ती फेकावी लागते, आणि नाही फेकली तर तपासणीत नोटीस मिळते. ते औषध कधी द्यायचे हे सांगणाऱ्या कागदावर मात्र बहुधा मुदत नसते. तो उन्हाने पिवळा पडेपर्यंत भिंतीवर राहतो. औषध मुदतबाह्य झाले तर फार तर कमी गुण देईल. कागद मुदतबाह्य झाला तर चांगले औषध चुकीच्या माणसाला जाईल.

कागद किती दिवस टिकतो, हे कोणी मोजले आहे का? मोजले आहे. अमेरिकेत २००१ साली संशोधकांनी १७ राष्ट्रीय मार्गदर्शिका पुन्हा तपासल्या. त्यांचा हिशेब असा निघाला की पावणेसहा वर्षांच्या आसपास निम्म्या मार्गदर्शिका कालबाह्य होतात. म्हणून त्यांनी सुचवले, दर तीन वर्षांनी प्रत्येक मार्गदर्शिका उघडून बघा. पाव शतक होत आले या गोष्टीला. आपल्याकडचे किती तक्ते तीन वर्षांनी उघडून पाहिले जातात, याचे उत्तर मी तुमच्यावर सोडते.

आता मी सगळे बोलणे एका औषधाभोवती फिरवणार आहे. औषध साधे, स्वस्त, जुने. अ‍ॅट्रोपिन. एका अ‍ॅम्प्यूलमध्ये ०.६ मिलिग्रॅम. या जिल्ह्यातल्या कोणत्याही परिचारिकेला झोपेतून उठवून विचारा, ती सांगेल. (सभागृहात जे डॉक्टर नाहीत त्यांनी पुढच्या मात्रा लिहून घेऊ नयेत. ऐकावे आणि विसरावे.)

पहिला रुग्ण घ्या. हृदय बंद पडले आहे, मॉनिटरवर सरळ रेघ. माझ्या पिढीला शिकवले गेले की अशा वेळी अ‍ॅट्रोपिन द्या. आम्ही इमानेइतबारे दिले. २०१० साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने आपल्या तक्त्यातून ते काढून टाकले, कारण त्याने फायदा होतो असे दिसेना. त्याच वर्षी क्रमही बदलला. आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग छातीवर दाब, असे पूर्वी होते. आता आधी छातीवर दाब. आपल्या देशातल्या तज्ज्ञांनी पुढे २०१७ मध्ये सामान्य माणसासाठी आणखी सोपे केले. तोंडाने श्वास देण्याच्या भानगडीत पडू नका, फक्त छाती दाबत राहा. किती बदल झाले पाहा, आणि २००९ साली शिकून बाहेर पडलेला माणूस यांतला एकही न ऐकता आज गाडीत बसलेला असू शकतो.

दुसरा रुग्ण आपल्या घरचा. सप्टेंबर महिना, पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, फवारणी करताना माणूस वावरातच कोसळला. घाम, लाळ, उलट्या, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर. सेंद्रिय फॉस्फरस गटातल्या कीटकनाशकाची बाधा. इथे अ‍ॅट्रोपिन म्हणजे प्राण. जुने शिक्षण असे होते की ठरावीक मात्रा ठरावीक वेळाने देत राहा आणि बाहुली मोठी होते का ते बघा. आता काय सांगतात? सुरुवात तीन ते पाच अ‍ॅम्प्यूलने, आणि दर पाच मिनिटांनी उतार दिसला नाही तर मात्रा दुप्पट. बाहुलीवर विसंबू नका, छातीतली घरघर थांबली का ते ऐका, नाडी आणि रक्तदाब बघा. बांगलादेशातल्या डॉक्टरांनी २०१२ साली या दोन पद्धतींची तुलना प्रसिद्ध केली. जुन्या पद्धतीत साडेबावीस टक्के रुग्ण दगावले, दुपटीच्या पद्धतीत आठ टक्के. औषध तेच. बदलला तो कागद.

जरा गणित करू या. तीन अ‍ॅम्प्यूल, मग सहा, मग बारा, मग चोवीस. पंधराव्या मिनिटाला पंचेचाळीस अ‍ॅम्प्यूल. धावत्या गाडीत, खड्ड्यांत, पंचेचाळीस काचा फोडून सिरिंजमध्ये भरायच्या. एका माणसाने. पेटीत तेवढ्या आहेत का? अ‍ॅट्रोपिन मोठ्या कुपीतही मिळते, मग ती का नको? समजा पुण्या-मुंबईत कोणी शहाण्या माणसाने मार्गदर्शिका बदलली, पण पेटीतल्या साहित्याची यादी दुसऱ्या खात्याकडे आहे आणि खरेदी तिसऱ्याकडे. मग गाडीतला डॉक्टर नवा कागद वाचतो, पेटी उघडतो आणि जुनाच उपचार करतो. दोष त्याच्या नावावर पडतो. त्याच्या पदवीवर बोट ठेवणाऱ्यांना मी म्हणते, आधी पेटी उघडून बघा.

तिसरा रुग्ण. तोही वावरातून आलेला, तोही घामाने थबथबलेला, लाळ, उलट्या, हातपाय थंडगार. पण याला विंचू चावला आहे. लांबून बघणाऱ्याला दोघे सारखेच दिसतात. इथे अ‍ॅट्रोपिन दिले तर? आधीच उधळलेल्या हृदयाला आणखी चाबूक. हे आपल्याला कोणी शिकवले? डॉ. हिंमतराव बावस्करांनी. जालना जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला हा माणूस कोकणात महाडच्या बाजूला प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागला. लाल विंचवाच्या दंशाने मुले मरताना पाहिली आणि रात्र-रात्र खाटेशेजारी बसून नोंदी ठेवल्या. रक्तदाबावरचे प्राझोसिन नावाचे साधे औषध या दंशावर चालते, हे त्यांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’मधून जगाला सांगितले. जिथे दर तीन गंभीर रुग्णांतला एखादा दगावायचा, तिथे मृत्यूचे प्रमाण एक-दोन टक्क्यांवर आले. जगातल्या विंचूदंशाचा कागद महाडला बदलला. दिल्लीत नाही, लंडनमध्ये नाही.

एक औषध, तीन रुग्ण. एकाला आता देत नाहीत, एकाला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त देतात, एकाला देऊच नये. आणि हे तिन्ही निर्णय वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गावी झाले. हे सगळे जुळवून, चाळून, झरी-जामणीच्या गाडीत आजच्या तारखेचे एक पान म्हणून पोहोचवायचे, हे काम कोणाचे? या खुर्चीचे नाव मला कोणी सांगेल?

तुम्ही म्हणाल, नवे संशोधन आले की बदला कागद, त्यात काय अवघड? अवघड आहे. त्यासाठी आपल्याच राज्यातली एक हकीकत सांगते. याच कीटकनाशकाच्या बाधेत अ‍ॅट्रोपिनच्या जोडीला प्रॅलिडॉक्सिम नावाचे औषध देतात. ते किती द्यावे यावर वाद होता. बारामतीच्या डॉक्टरांनी २०० रुग्णांवर अभ्यास केला. अर्ध्यांना थांबून-थांबून इंजेक्शन, अर्ध्यांना जास्त मात्रेचे सतत सलाईनमधून. सतत दिलेल्या गटात १०० पैकी एक दगावला, दुसऱ्या गटात आठ. २००६ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये आले. बारामतीचे नाव ‘लॅन्सेट’मध्ये, तेही उसाशिवाय आणि राजकारणाशिवाय! आता सांगा, कागद बदलायचा की नाही?

थांबा. तीन वर्षांनी श्रीलंकेतून दुसरा अभ्यास आला. तिथे एका गटाला प्रॅलिडॉक्सिम, दुसऱ्याला नुसते सलाईन. औषध मिळालेल्यांत मृत्यू कमी झाले नाहीत, उलट थोडे जास्तच दिसले. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण फायदा तर दिसलाच नाही. मग बारामती खोटी का? अजिबात नाही. तिथले बरेच रुग्ण लवकर पोहोचले होते, अतिदक्षतेची सोय चांगली होती, विषेही वेगळी असतील. दोन्ही अभ्यास प्रामाणिक, दोन्ही गरीब शेतकऱ्यांच्या खाटेशेजारी झालेले. म्हणून कागद ताजा ठेवणे म्हणजे शेवटी आलेली बातमी चिकटवणे असे मी मानत नाही. कोणीतरी बसून दोन्ही वाचले पाहिजेत, आपल्या जिल्ह्यातले रुग्ण कोणासारखे आहेत ते ठरवले पाहिजे, आणि का ठरवले ते चार ओळींत लिहिले पाहिजे. पुढच्या माणसाला त्या चार ओळी लागतात. नाहीतर तो पुन्हा शून्यापासून भांडतो.

आता २०१७. या सभागृहात ते साल कोणाला समजावून सांगायची गरज नाही. जुलैपासून फवारणी करणारे शेतकरी आणि शेतमजूर दाखल व्हायला लागले, शेकडोंनी झाले, आणि जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे गेली. चौकशीसाठी विशेष पथक नेमले गेले. पिकाची उंची, बॅटरीचे पंप, मिश्रणे, तोंडावर फडकेसुद्धा नसणे, यावर खूप लिहून झाले आहे, मी ते उगाळत नाही. मला त्यातली डॉक्टरी बाजू बोलायची आहे. त्या हंगामात रुग्णांच्या अंगावर एकच विष नव्हते. प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन एकाच बाटलीत, मोनोक्रोटोफॉस, शिवाय डायफेन्थियुरॉन. यांतल्या फॉस्फरसवाल्यांना अ‍ॅट्रोपिन चालते. डायफेन्थियुरॉनला उताराच नाही. लक्षणे सांभाळायची, एवढेच हाती. तिथे बाटलीचे नाव न विचारता अ‍ॅट्रोपिन चढवत गेलो तर रुग्ण भ्रमिष्ट होतो, अंग तापते, आणि आपण समजतो विषच वाढले.

आणि तणनाशक? पॅराक्वाट प्यालेला रुग्ण पहिल्या दिवशी बोलतो, चालतो, ‘मला काही झालं नाही’ म्हणतो. विष मात्र त्याच्या फुप्फुसात काम करत असते, आणि त्या कामाला प्राणवायूच मदत करतो. म्हणून रक्तातला प्राणवायू खरोखर खाली गेल्याशिवाय त्याला ऑक्सिजन लावू नये. सांगा, नातेवाईक समोर बसलेत, गाडीत सिलिंडर आहे, आणि डॉक्टर मास्क लावत नाही. त्या डॉक्टरच्या पाठीशी छापील, तारखेचा, सहीचा कागद नसेल तर त्याची काय अवस्था होईल? मार खाईल बिचारा. ताजा कागद रुग्णाला वाचवतो हे खरे, पण योग्य वागणाऱ्या डॉक्टरलाही तोच वाचवतो.

यवतमाळच्या वावरात या वर्षी कोणती बाटली चालली आहे, हे जिनिव्हाला कळणार नाही. पुण्यालाही उशिराच कळेल. कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराला जूनमध्ये कळते, फवारणी करणाऱ्याला जुलैत, एकशेआठच्या पायलटला ऑगस्टमध्ये. डॉक्टरांना कळते तेव्हा वॉर्ड भरलेला असतो. कागदाचा प्रवास आपण नेहमी वरून खाली असाच धरतो. या जिल्ह्यात तो खालून वरही झाला पाहिजे, आणि हंगामाच्या आत झाला पाहिजे. तीन वर्षांनी उघडून बघा हा अमेरिकेचा नियम हृदयविकाराला ठीक आहे. फवारणीच्या पानाला वर्षाची मुदतसुद्धा जास्त आहे.

सापाबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे अडचण वेगळी आहे. तिथे नवे सांगणे सोपे आहे, जुने काढणे अवघड. आवळून दोरी बांधा, कापा, चोखा, हे सगळे कधीच बाद झाले. सर्पविषावरची लस देण्याआधी त्वचेवर चाचणी घ्यायची पद्धतही बाद झाली. आता हालचाल टाळा, धीर द्या, लवकर पोहोचवा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, सूज नाही, दुखणे नाही, पहाटे पोट दुखते आणि पापण्या जड होतात. हे ज्याला माहीत नाही तो गॅसची गोळी देऊन घरी पाठवतो. भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे गेली, असा २००० ते २०१९ या काळाचा अंदाज आहे. केंद्राने २०२४ च्या मार्चमध्ये राष्ट्रीय कृती आराखडा काढला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे. उत्तम. पण एखाद्या उपकेंद्राच्या भिंतीवर आजही दोरी बांधलेल्या पायाचे चित्र असेल, तर पोडावरच्या कोलाम बाईने आराखड्यावर विश्वास ठेवायचा की चित्रावर? चित्रावरच ठेवणार. ते तिला रोज दिसते. म्हणून माझे म्हणणे आहे, नवा तक्ता देणाऱ्याने जुना तक्ता हातात घेतल्याशिवाय परत जाऊ नये. पोहोच पावतीसारखा जुना कागद जमा करावा.

आणि गाड्या काय फक्त एकशेआठच्याच आहेत? बाळंतिणीसाठी एकशेदोन आहे, खासगी आहेत, वणीकडे कोळसा खाणींच्या आहेत, ट्रस्टच्या आहेत. पांढरकवड्यावरून जाणाऱ्या हैदराबादच्या महामार्गावर अपघात झाला तर कोणती गाडी आधी पोहोचेल, सांगता येत नाही. पैनगंगेपलीकडे तेलंगणाची एकशेआठ आहे, आणि तिचा कागद तिच्या राज्याचा. रक्तस्राव थांबवणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक आम्लाचे उदाहरण घ्या. २०१० च्या एका मोठ्या अभ्यासात, ४० देशांतल्या २० हजारांवर अपघातग्रस्तांत, ते तीन तासांच्या आत दिले तर जीव वाचतात असे दिसले, आणि तीन तासांनंतर दिले तर नुकसान होऊ शकते असेही. २०१७ मध्ये बाळंतपणातल्या रक्तस्रावासाठीही ते लवकर देण्याचा सल्ला आला. म्हणजे घड्याळ महत्त्वाचे. पहिल्या गाडीने दिले की नाही, किती वाजता दिले, हे दुसऱ्या गाडीला कळलेच पाहिजे. दोन गाड्या, दोन कागद, आणि मधे एक बाळंतीण. ब्रिटनमध्ये अँब्युलन्स सेवा वेगवेगळ्या भागांच्या वेगवेगळ्या आहेत, पण मार्गदर्शिका एका संयुक्त समितीची. ती कर्मचाऱ्याच्या फोनमध्ये असते आणि बदल तिथेच येतात. आपल्याला फोनची हौस दांडगी, पण झरीच्या घाटात नेटवर्क नसते, हे लक्षात ठेवून अ‍ॅप करावे. नेट नसतानाही पान उघडले पाहिजे, आणि पानाच्या डोक्यावर तारीख दिसली पाहिजे.

मागणी फार मोठी नाही. जिल्ह्यात एक माणूस, ज्याच्या नेमणूकपत्रात हे काम लिहिले आहे. सरकारी मेडिकल कॉलेजचा औषधवैद्यक विभाग, एकशेआठ, एकशेदोन, कृषी खाते आणि शेजारच्या आदिलाबादचा एखादा डॉक्टर, यांची मृगाच्या आधी एक बैठक. त्यातून फवारणीचे एक पान, मराठीत, त्या हंगामातल्या बाटल्यांच्या नावांसह. त्याच दिवशी पेटीची यादी त्या पानाशी जुळवायची. ऑक्टोबरमध्ये पुन्हा बसायचे, आणि तेव्हा पहिले बोलायचे गाडीतल्या डॉक्टरने आणि पायलटने. खर्च? चहा आणि झेरॉक्स. याला शासन निर्णयाची वाट पाहावी लागेल, असे मला कोणी म्हणू नये. बावस्करांनी पाहिली नव्हती.

पुढे बसलेल्या पायलट मंडळींपैकी कोणाला बोलायचे असेल तर माईक आधी त्यांच्याकडे द्या. नंतर वणी-मारेगावकडच्यांनी विचारावे, त्यांना शेवटची गाडी गाठायची आहे. गावातल्यांनी शेवटी. आपण रात्री दहापर्यंतही बसू.